तीन पंखे आणि एक नारळ

मी विमानाच्या धंद्यात होते, एवढंच नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नकार्यात भेटणारे निम्मे लोक मला निवृत्त हवाईसुंदरी समजतात आणि माझ्याकडे बघून त्यांना त्या काळच्या प्रवाशांची कीव येते. उरलेले निम्मे दुबईचं तिकीट स्वस्तात मिळेल का, म्हणून विचारतात. मी पंखे बसवत होते, असं सांगितलं की दोन्ही गट निराश होतात. नांदेडहून आलेल्या एका मावशींनी तर मला बाजूला घेऊन, आमच्या बैठकीतला फार आवाज करतो, येऊन बघशील का, असं विचारलं होतं. मी जाऊन बघितला. बुश झिजलं होतं.

हैदराबादला कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला बिस्किटांचे डबे करणारा आणि दुसऱ्या बाजूला बोअरवेलचे पाइप विकणारा, अशा शेजाऱ्यांमधल्या शेडमध्ये आम्ही दोन माणसांची हलकी विमानं जुळवत असू. सांगाडा आणि इंजिन बाहेरून येई. जोडणी, चाचणी आणि जबाबदारी आमची. हलकं म्हणजे किती, तर चौघं मिळून ते शेडबाहेर ढकलत आणि पाचवा ‘हल्लू, हल्लू’ म्हणत पुढे चाले. प्रोपेलर, म्हणजे पुढचा पंखा, माझ्याकडे होता. कोणता निवडायचा, कसा बसवायचा आणि विमान उडायला योग्य आहे अशी शेवटची सही करायची, हे सगळं माझंच काम. आमचे हेड मेकॅनिक यादगिरी मला ‘प्रोपेलरम्मा’ म्हणत. तेलुगूत कशालाही अम्मा जोडली की तिचं लगेच देऊळ होतं, म्हणून मी ती पदवी जपून वापरली.

बाहेरच्या माणसाला पंखा म्हणजे पंखाच वाटतो. हिमायतनगरच्या एका बिल्डरने आमचं विमान हौसेने घेतलं आणि आठवड्याभरात तक्रार घेऊन आला. घरच्या दिवाणखान्यातल्या पंख्याला तीन पाती, आणि हवाई जहाजाला दोनच? त्याला पाच हवी होती. मी सांगितलं की एका पात्याने घुसळलेल्या हवेतच पुढचं पातं शिरतं. पाती वाढवली म्हणून ओढ तेवढ्या पटीत वाढत नाही, वजन मात्र नक्की वाढतं. त्याने सगळं अदबीने ऐकून घेतलं आणि निदान टोकांना सोनेरी रंग तरी द्या, म्हणाला. टोकं आम्ही तशीही पिवळी रंगवतोच, फिरत्या पंख्यात कुणी चालत जाऊ नये म्हणून. तो खूश होऊन गेला. आमच्या धंद्यात समाधान असंही देता येतं.

खरी गोष्ट असते ती पात्याच्या कोनाची. पातं हवेला किती तिरपं धरलंय, त्यावर सगळं ठरतं. रिक्षाने बंजारा हिल्सचा चढ चढताना रिक्षावाला पहिला गिअर टाकतो. सपाट रस्त्यावर तो पहिल्यातच राहिला तर इंजिन बोंबलतं आणि रिक्षा काही पुढे सरकत नाही. विमानाचंही तसंच आहे. कोन कमी ठेवला की उड्डाणाला आणि चढाईला जोर मिळतो, पण वर गेल्यावर वेग येत नाही. कोन जास्त ठेवला की वर वेग चांगला, पण जमीन सोडायला वेळ लागतो. लाकडी पंख्यात हा गिअर कायमचा कोरलेला असतो. तंतू आणि राळ यांच्या पात्यांचा दुसरा प्रकार आहे. त्यात पाती सैल करून कोन बदलता येतो, पण जमिनीवरच, पाना घेऊन. तिसऱ्या प्रकारात वैमानिक हवेत बसल्या बसल्या बटण दाबून कोन बदलतो. ऐकायला तिसरा सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. पण त्याला मोटर आली, वायरिंग आलं, वजन आलं, आणि बिघडायला आणखी चार जागा आल्या. शिवाय आमच्या विमानाला मंजुरी होती ती पहिल्या दोन प्रकारांची.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, त्याकडे येते.

राज्याचे दोन तुकडे होण्याची ती वर्षं होती. आमच्या घराने हे आधी एकदा पाहिलं होतं. निजामाच्या मुलखाचे वाटे झाले तेव्हा नांदेड तिकडे गेलं, आणि रेल्वेत नोकरीला असलेले माझे वडील नारायणगुड्यात इकडेच राहिले. त्यामुळे नकाशा बदलला की नोकरी राहते का, एवढंच आम्ही विचारतो. या वेळी सरकारी कचेऱ्यांमध्ये कपाटांवर आणि खुर्च्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या, हे इकडचं, ते तिकडचं. एका कचेरीत मी पाण्याच्या माठावर एका राज्याची आणि त्याच्या झाकणावर दुसऱ्या राज्याची चिठ्ठी पाहिली. पाणी कुणाचं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

अशात एका खात्याला तळ्यांची हवाई पाहणी करण्यासाठी लहान विमानं हवी होती. कुठला चेरुवू, म्हणजे तळं, कुणी बुजवला, कुठला बांध फुटला, ते वरून बघायचं. ऑर्डर मिळाली असती तर आमची शेड पुढची काही वर्षं चालली असती. नाही तर बिस्किटांच्या डब्यांना जागा कमी पडतच होती. आमचे एमडी प्रसादराव यांनी प्रात्यक्षिकाचा दिवस ठरवला, मांडव घातला, पत्रकार बोलावले आणि एक भव्य फलक रंगवून घेतला. त्यावर विमानाचा वेग लिहिला होता. तो वेग आमच्या विमानाने कधी गाठला नव्हता, पण मोठ्या अक्षरांत लिहिल्यामुळे खरा वाटत होता.

त्या फलकापायी आमचं महिनाभर भांडण चाललं होतं. एमडींनी एका प्रदर्शनातून हवेत कोन बदलणारा, चकचकीत काळा पंखा आणला होता आणि तोच बसवा म्हणून त्यांचा हट्ट होता. मी नाही म्हटलं. त्याचं वायरिंग अर्धवट होतं आणि आमच्या इंजिनावर तो एकदाही फिरला नव्हता. मग जमिनीवर कोन बदलता येणारा तीन पात्यांचा पंखा ठरला. त्यातही त्यांना फलकावरच्या वेगासाठी मोठा कोन हवा होता, मला चढाईसाठी लहान. कारण धावपट्टी मेडचलच्या पलीकडची, मुरमाची आणि आखूड होती. तिच्या शेवटी तळ्याचा बांध, बांधावर ताडाच्या झाडांची ओळ, आणि ताडांच्या मागे विजेच्या मोठ्या तारा. शेवटी मधला कोन ठरला. मधला कोन म्हणजे दोघांनाही पसंत नसलेला.

विमान उडवणार होते कॅप्टन मोईज. जुन्या शहरातले, साठी ओलांडलेले, पिढ्यान्‌पिढ्यांचे हैदराबादी. चाचणीच्या पहाटे गार हवेत ते एकटेच वर जाऊन आले आणि उतरल्यावर म्हणाले, “उड्या तो सही, मॅडम. मगर ताडां बहोत नजदीक से सलाम करे.” मग आम्ही दोघांनी धावपट्टीच्या कडेला चुना लावलेला एक दगड ठेवला. चाकं दगडाच्या आत सुटली नाहीत तर उड्डाण सोडून द्यायचं, ब्रेक मारायचा आणि बांधाच्या आत थांबायचं. त्यापुढे थांबायला जागाच उरत नव्हती.

प्रात्यक्षिक सकाळी सातचं होतं. खात्याचे विशेष अधिकारी दुपारी आले. बैठक होती, कुठली तरी वाटणी अडली होती. तोवर मुरूम तापून पायांना चटके बसत होते. पावसाच्या आधीचे ते दिवस असे असतात की सावलीतही हवा मिळत नाही. ही तक्रार विमानाचीही असते. उन्हाने हवा विरळ होते, इंजिनाला श्वास कमी पडतो, पंख्याला पकडायला हवा कमी, पंखांना उचलायला हवा कमी. पहाटे ताडांना सलाम करून जाणारं विमान दुपारी कुठवर पोहोचेल, हे गणित मी मांडवात बसून करत होते. अधिकारी गाडीतून उतरले तसं ते पुन्हा करावं लागलं. ते चांगले उंच आणि भारदस्त होते, आणि तळं मी स्वतः वरून बघणार, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं.

आधी पूजा. आमच्याकडे कुठलंही यंत्र पूजेशिवाय सुरू होत नाही, आणि त्याला माझी कधी हरकत नव्हती. हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं गेली. आम्ही बौद्ध, माझ्या घरात हे नाही. पण इतक्या वर्षांत अशा वेळी मी हात बांधून बाजूला उभी राहायची आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. एक फायदा असायचा. सगळे डोळे मिटून हात जोडत, तेव्हा यंत्राकडे बघणारी मी एकटीच असे.

नारळ नेहमी जमिनीवर ठेवलेल्या दगडावर फोडला जाई. त्या दिवशी छायाचित्रकाराने एमडींना थोडं पुढे यायला सांगितलं, विमानाचं तोंड चौकटीत येईना म्हणून. एमडी पुढे आले, नारळ उंच धरला आणि विमानाच्या नाकावरच आपटला. पहिल्यांदा फुटला नाही, पंख्याच्या मधल्या टोपीवरून निसटला. दुसऱ्यांदा त्यांनी जोरात आपटला आणि तो एका पात्याच्या मुळाशी बसला. पाणी पात्यावरून ओघळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो चांगला आला, असं नंतर ऐकलं.

मी पुढे गेले, पदराने पाणी पुसलं. वरून ओरखडाही नव्हता. पण या पात्यांची हीच खोड असते. वरचं कवच ठीक दिसतं आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. ते ओळखायची आमची साधी रीत म्हणजे नाण्याने टकटक करत जायचं. धड पातं टणक वाजतं, थर सुटलेले असले की आवाज बसका येतो, तडा गेलेल्या माठासारखा. मी पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढलं. पहिलं पातं टणक. दुसरं टणक. तिसऱ्याच्या मुळाशी, जिथे नारळ बसला होता तिथे, आवाज बसका आला. पुन्हा वाजवलं. पुन्हा बसका. पूजेच्या आधी त्या जागेचा आवाज कसा होता, ते मला ठाऊक नव्हतं. कुणी आधी वाजवून बघायचं कारणच नव्हतं.

यादगिरींनी माझा चेहरा बघितला. “वद्दू, अम्मा,” ते हळूच म्हणाले. नको. ते ‘नको’ विमानाला होतं की मला, ते मी विचारलं नाही.

मी एमडींना बाजूला घेऊन सांगितलं की पंखा उतरवावा लागेल.

पूजा केलेला पंखा सगळ्यांदेखत उतरवायचा, हे त्यांच्या कानात शिरायलाच वेळ लागला. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की असा अपशकुन या लोकांपुढे केला तर ऑर्डर विसरायची, आणि शेडही. ते खोटं नव्हतं. आधी पाच मिनिटं चालवून बघू, म्हणाले. मी म्हटलं, जमिनीवर चालेल, प्रश्न वर गेल्यावर चालेल का हा आहे. एक पातं निघून गेलं तर उरलेली दोन इंजिनाला हिसडे देऊन जागेवरून उपटतात, आणि मग वैमानिकाच्या हातात काही राहत नाही. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्हाला या गोष्टींचं महत्त्व नाही वाटणार. आमच्यात वाटतं.”

हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून मी आयुष्यभर ऐकत आले आहे. उत्तरही तयार असतं, पण ते त्या वेळी देण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “सर, आत बसणारा आमच्यातला आहे.”

तेव्हा त्यांनी मांडवाकडे बोट दाखवलं. तिथे मखमलीवर तो काळा चकचकीत पंखा पाहुण्यांना बघायला मांडून ठेवला होता. उतरवायचाच आहे तर तो बसवा, म्हणाले. लोकांना वाटेल, कार्यक्रमातच होतं. विचार करता हे एमडींच्या दृष्टीने चांगलंच सुचलं होतं. अपशकुनाचा तमाशा होण्याऐवजी प्रात्यक्षिक झालं असतं, आणि फलकावरच्या वेगाचीही थोडी आशा होती.

माझ्याकडे जीपमध्ये तिसरा होता. दोन पात्यांचा, लाकडी, चढाईच्या कोनाचा. तो घेऊन आले होते ते सवयीने, इतर काही कारण नव्हतं. पण त्याचीही मला खात्री नव्हती. लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, बोल्ट सैल पडतात. बसवून एकदा चालवायचा, मग इंजिन बंद करून बोल्ट पुन्हा ठरलेल्या ताकदीने आवळायचे, तेव्हा तो उडायला योग्य. हे सगळं भर उन्हात, खोळंबलेल्या पाहुण्यांपुढे. आणि बसवल्यावरही तो फलकावरच्या वेगाच्या जवळपास जाणार नव्हता. काळा पंखा मात्र उड्डाणाच्या वेळी मोटर अडकून मोठ्या कोनात राहिला असता तर विमान टॉप गिअरमध्ये सुटलेल्या रिक्षासारखं दगडापर्यंत नुसतं धावलं असतं. दगडाच्या पुढे ताड.

कॅप्टन मोईज पंखाच्या सावलीत मुरमावर मांडी घालून बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि तिन्हींबद्दल जे जे ठाऊक होतं ते सांगितलं, बसक्या आवाजासकट. मला वाटत होतं, ते म्हणतील आज नको. ते म्हणाले असते तर मी सुटले असते. त्यांनी ऐकून घेतलं, टोपीने वारा घेतला.

“तुमे कौनसे पे साइन करते?” त्यांनी विचारलं.

“लाकडी.”

“तो मैं लकडीवाले पे बैठता. बाकी दोनों एमडी साबकू भेज देव, उनो बैठिंगे.”

विशेष अधिकाऱ्यांपुढे मीच गेले. एमडी तोवर फलकाच्या मागे जाऊन उभे राहिले होते. मी सांगितलं की पंखा बदलायचा आहे, तासभर लागेल. पत्रकारांनी वह्या उघडल्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, मग मला नीट बघितलं. चार महिने मी टेबलं-खुर्च्या वाटतो आहे, ते इंग्रजीत म्हणाले, एका पंख्यासाठी तासभर बसायला मला काही वाटत नाही. या माणसाबद्दल मला एकदम आदर वाटला, आणि त्याच क्षणी त्यांचं वजन विचारायची वेळ आली.

सरकारी अधिकाऱ्याला वजन विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, ते गृहीत धरायचं असतं. त्यांनी एक आकडा सांगितला. मागे उभे असलेले मोईज मांडवाच्या छताकडे बघू लागले. मी मनात त्यात दहा किलो मिळवले आणि टाकीतलं पेट्रोल निम्म्यावर आणायला यादगिरींना सांगितलं.

हळदकुंकवाचा पंखा दोघांनी उतरवून सतरंजीवर ठेवला तेव्हा पुरोहितबुवांनी तोंड फिरवलं. लाकडी पंखा चढवला, बोल्ट आवळले. पुढे एक खुर्ची उलटी ठेवून पंखा हाताने फिरवला आणि दोन्ही टोकं खुर्चीच्या एकाच खुणेवरून जातात का ते बघितलं. जात होती. इंजिन चालवलं, बंद केलं, पुन्हा पाना लावला. एक बोल्ट किंचित फिरला. त्या किंचितकडे मी जरा वेळ बघत राहिले. बाकीचे घट्ट होते. पुन्हा चालवलं, पुन्हा पाना लावला, आणि आता एकही फिरेना, तेव्हा सही केली. घामाने कागद हाताला चिकटत होता.

अधिकारी आत बसले तसं विमान त्यांच्या बाजूला जरा कललं. मोईजनी दार लावायच्या आधी माझ्याकडे बघून दगडाच्या दिशेने हनुवटी उडवली. मी मान हलवली. आमच्यात एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

मी दगडापाशी जाऊन उभी राहिले. हे नियमात बसत नव्हतं, पण मांडवात बसवतही नव्हतं.

लाकडी पंख्याचा आवाज वेगळा असतो, खालच्या पट्टीतला, जात्यासारखा. विमान निघालं आणि पहिल्यांदा वाटलं की निघालंच नाही, उन्हाच्या झळांत एकाच जागी थरथरतंय. मग धूळ उठली. ते मोठं होत गेलं, पण नाक जमिनीलाच. मी दगडाकडे बघावं की चाकांकडे, ते कळेना. मोईजनी ब्रेक मारला असता तर मला आनंद झाला असता. चाकं सुटली तेव्हा विमान दगडाच्या इतकं जवळ होतं की आत की पुढे, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. वाऱ्याच्या झोताने माझ्या तोंडात मुरूम गेला.

ते चढत होतं, पण घाई नसल्यासारखं. बांध जवळ आला. ताडांच्या ओळीत त्याचा आकार मिसळला आणि दिसेनासा झाला. फक्त आवाज उरला, आणि तोही बांधाच्या आड खाली गेल्यासारखा वाटला. माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले कोण जाणे, यादगिरी काहीतरी पुटपुटत होते. मी आयुष्यात प्रार्थना केलेली नाही, तेव्हाही केली नाही. मी नुसती आवाज मोजत होते, एकसारखा आहे का, एकसारखा आहे का. मग तारांच्या वरच्या बाजूला, अगदी उजवीकडे, मला पंखांची एक पांढरी रेघ दिसली.

मी दगडावर बसले. दगड तापलेला होता, ते उठल्यावर कळलं.

विमान तळ्यावरून चांगलं फिरून आलं आणि नीट उतरलं. अधिकाऱ्यांचा चेहरा तजेलदार होता. तळं बुजवून घातलेले प्लॉट त्यांना नीट दिसले होते. पण उतरल्यावर त्यांनी फलकाकडे बघितलं आणि एमडींना विचारलं की वर असताना वेगाच्या काट्याने दाखवला तो आकडा इथे का दिसत नाही. एमडींनी त्याला दिलेलं उत्तर फार लांब होतं.

ऑर्डर मिळाली नाही. आधी सांगितलं गेलं की विमानात अजून सुधारणा चालू असल्याचं समितीचं मत पडलं. पंखा ऐनवेळी बदलावा लागला, त्यावरून. मग कळलं की समितीचीच वाटणी झाली. आमची फाइल एका राज्यात गेली आणि ती मागवणारं खातं दुसऱ्यात राहिलं. शेडमधली माणसं एकेक करून कमी झाली. मला काढलं नाही, ‘सल्लागार’ केलं, म्हणजे सल्ला विचारणं बंद झालं.

त्याआधी, प्रात्यक्षिकानंतर चारसहा दिवसांनी, एमडींनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. बाकावर ते तिसरं पातं ठेवलं होतं, मुळाशी अजून हळदीचा डाग. कॅप्टन मोईजही आले होते. त्यांना खास बोलावणं होतं. एमडी म्हणाले, ज्या पात्यापायी एवढं झालं, त्यात काय आहे ते सगळ्यांनी बघावं. त्यांनी यादगिरींना आरी दिली. यादगिरींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कापा.

बराच वेळ लागला. पातं मुळाशी चिरून दोन तुकडे झाले, पुन्हा उभं चिरलं, चार झाले. मी भिंग घेऊन प्रत्येक कड बघितली. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले होते. कुठेही फट नव्हती. मुळाशी, नारळ बसला होता त्या जागी, कारखान्यातच कधीतरी राळ जरा जास्त पडून गोळा झाली होती, चिंचोक्याएवढी. आवाज तिच्यामुळे बसका येत होता. पातं निर्दोष होतं. ते नारळाच्या आधीही असंच वाजलं असतं आणि पुढे कितीतरी वर्षं उडालं असतं. त्या दिवशीही ताडांवरून गेलं असतं.

मी तसंच सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं. तेव्हापासून मी पूजेच्या आधी प्रत्येक पातं वाजवून ठेवायला लागले, हेही खरं. पण तो नंतरचा शहाणपणा.

एमडींनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. शेडमधल्या बारा घरांचा पगार त्या चिंचोक्याएवढ्या राळेत गेला होता, आणि तो माझ्या नाण्याने घालवला होता.

मोईज बाकापाशी आले. त्यांनी एक तुकडा उचलला, उलटासुलटा करून बघितला, बोटाने कड चाचपली. मग एमडींकडे वळून, लग्नात नवऱ्यामुलाच्या बापाशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाले, “साब, अंदर क्या है, ये मालूम करने के दोच तरीके थे. एक ये आरी.” त्यांनी तुकडा बाकावर ठेवला. “दूसरा मैं था.”

ते शेडबाहेर गेले, आपली जुनी स्कूटर सुरू करायला लागले. ती नेहमीप्रमाणे तिसऱ्या लाथेला सुरू झाली. यादगिरी आरी पुसत होते. मी बाकावरचा भुसा गोळा केला.